यिर्मया उत्तर न देता निघून गेला

"खऱ्या संदेष्ट्याला (देवाचा निरोप सांगणाऱ्याला) शंका येत नाही, 'मला असं वाटतं' म्हणणं हा अविश्वास" असं काही जण म्हणतात. ते मत मला पटत नाही. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 28वा अध्याय पाहा. यरुशलेमच्या मंदिरात, सगळ्यांदेखत हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा सांगतो की बाबेलला (बॅबिलॉनला) नेलेली मंदिराची पात्रं दोन वर्षांत परत येतील. यिर्मया म्हणतो, "आमेन, परमेश्वर तसंच करो". मात्र शांतीचं भाकीत खरं ठरल्यावरच संदेष्टा ओळखू येतो, हेही बजावतो. मग हनन्या यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून घातलेलं जू काढून मोडतो, तेव्हा यिर्मया उलट उत्तर न देता निघून जातो. देवाचं वचन नंतर येतं. तोवर तो स्वतःच्या मनाचं काहीच जोडत नाही. भर लोकांत अपमान झाल्यावर एवढं थांबणं फार कठीण आहे. आणि ठामपणा म्हणाल तर तो हनन्याकडेही भरपूर होता.

येशूचा प्रेषित पौल यानेही करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला हीच शिस्त लावली: दोघातिघा संदेष्ट्यांनी बोलावं, इतरांनी पारख करावी. त्यामुळे "परमेश्वर असं म्हणतो" एवढ्यावर कुणाचं लग्न किंवा नोकरी ठरवू नये. औषध बंद करा म्हणणाऱ्याला तर पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) तिथल्या तिथे थांबवावं.