बॉबी फिशरवरचा माहितीपट बारा वर्षांच्या मुलाला दाखवावा का?

प्रश्न

लिझ गार्बस यांनी दिग्दर्शित केलेला, अमेरिकेचा बुद्धिबळ जगज्जेता बॉबी फिशर याच्यावरचा २०११ सालचा माहितीपट नुकताच पाहिला आणि तेव्हापासून मन अस्वस्थ आहे. माझा मुलगा बारा वर्षांचा असून जिल्हा पातळीवर बुद्धिबळ खेळतो. पुढच्या वर्षी नियमित शाळा सोडून मुक्त विद्यालयातून परीक्षा द्यावी आणि उरलेला सगळा वेळ सरावाला द्यावा, असा त्याचा हट्ट आहे. त्याच्या टेबलावरच्या भिंतीवर फिशरचे छायाचित्र आहे.

माहितीपटाच्या सुरुवातीला ब्रुकलिनमधला तल्लख, हट्टी मुलगा दिसतो. शेवटी दिसतो तो दाढी वाढलेला, ज्यूंविषयी विखारी बोलणारा, स्वतःच्या देशाला पारखा झालेला म्हातारा. फिशरनेही सोळाव्या वर्षी शाळा सोडली होती, हे ऐकल्यावर मी पुढचा भाग धड पाहू शकले नाही. बुद्धिबळाच्या अतिरेकामुळे त्याचे मन बिघडले, असाच याचा अर्थ घ्यायचा का? आणि हा माहितीपट मुलाला दाखवावा का?

प्रतिसाद १

आपली काळजी मी समजू शकतो, पण फिशरच्या आयुष्यातील घटनाक्रम पाहिला, तर बुद्धिबळाने त्याचे मन बिघडवले हे पटत नाही. १ सप्टेंबर १९७२ रोजी आइसलँडमधील रेक्याविक येथे तेव्हाचे सोव्हिएत जगज्जेते बोरिस स्पास्की यांना १२½-८½ असे हरवून तो जगज्जेता झाला आणि त्यानंतर तब्बल वीस वर्षे तो एकही स्पर्धात्मक डाव खेळला नाही. १९७५ मध्ये सोव्हिएत आव्हानवीर कार्पोवविरुद्धच्या लढतीसाठी त्याने घातलेल्या अटी जागतिक बुद्धिबळ संघटनेने पूर्णपणे मान्य केल्या नाहीत, म्हणून त्याने विजेतेपदावर पाणी सोडले. त्याची खरी पडझड झाली ती या रिकाम्या वर्षांत, म्हणजे पट समोर नसताना. खेळत होता तोवर त्याच्या दिवसाला निदान एक आकार होता आणि चूक झाली तर ती दाखवून देणारा प्रतिस्पर्धी समोर बसलेला होता.

त्याच्या संशयी स्वभावाबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्याची आई रेजिना हिच्यावर अमेरिकेच्या तपास यंत्रणेने अनेक वर्षे पाळत ठेवली होती. आपल्यावर कोणाची तरी नजर आहे, ही भावना त्या मुलाने घरातच अनुभवली आणि ती खोटी नव्हती. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या १९६२ च्या कुरासावच्या स्पर्धेनंतर त्याने सोव्हिएत खेळाडूंवर संगनमताचा आरोप केला, तेव्हाही त्यात तथ्य होते. पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर या तिघांनी आपापसांतले बाराही डाव बरोबरीत सोडवले होते आणि पुढे आव्हानवीर ठरवण्याची पद्धतच बदलावी लागली. तरुणपणी ज्याचे संशय असे खरे ठरत गेले, त्याला पुढे खरा संशय आणि भ्रम यांतली सीमारेषा ओळखणे किती अवघड गेले असेल! माहितीपटाने या बाजूला आणखी वेळ द्यायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद २

वरील मत मान्य करून मला स्पास्की यांच्याविषयी लिहायचे आहे, कारण फिशरच्या कहाणीत त्यांचे मोठेपण नेहमीच झाकले जाते.

रेक्याविकच्या लढतीतील पहिल्या डावात फिशरने उंटाने एच-२ वरचे प्यादे मारले, तो उंट अडकला आणि अखेर तो डाव हरला. कॅमेऱ्यांच्या तक्रारीवरून दुसऱ्या डावाला तो आलाच नाही. गुणफलक स्पास्की यांच्या बाजूने २-० असा झाला होता. त्या क्षणी स्पास्की विजेतेपद घेऊन मॉस्कोला परतले असते, तर नियमाने त्यांना कोणीही अडवू शकले नसते आणि परत येण्यासाठी वरून दबावही होता. तरीही त्यांनी तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, रंगमंचामागच्या एका लहान खोलीत खेळण्यास संमती दिली. त्या डावात फिशरने अकराव्या खेळीला घोडा पटाच्या कडेला एच-५ वर नेला. पांढऱ्याने उंटाने तो घोडा मारला की काळ्या राजासमोरची प्यादी विस्कटणार, हे उघड दिसत होते. कोणत्याही शिकवणीत अशा खेळीवर लाल खूण पडली असती. स्पास्की यांनी घोडा मारला, पण मोकळ्या झालेल्या पटावर काळ्याच्या मोहऱ्यांना जोर आला आणि फिशरने त्यांच्याविरुद्ध आयुष्यातला पहिला विजय मिळवला. सहाव्या डावात तो इतका सुंदर खेळला की, स्वतः हरलेल्या स्पास्की यांनी प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवल्या.

२००४ मध्ये फिशर जपानमध्ये अटकेत असताना स्पास्की यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. मलाही अटक करा, आम्हा दोघांना एकाच कोठडीत ठेवा आणि सोबत एक बुद्धिबळाचा पट द्या, असे त्यात होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पास्की वारले. मुलाला माहितीपट दाखवलात, तर या माणसाकडेही त्याचे लक्ष वेधावे.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही प्रतिसादांतील सहानुभूती मला समजते, पण एका गोष्टीवर पांघरूण घातले जाऊ नये. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर फिशरने फिलिपिन्समधील एका रेडिओ केंद्रावर त्या संहाराचे उघड स्वागत केले. ज्यूंविषयी तो वर्षानुवर्षे गरळ ओकत राहिला आणि त्याची आई स्वतः ज्यू होती. आजारपणाने यातले काही समजून घेता येईल, पण त्या शब्दांचा घाव ज्यांना बसला त्यांच्यासाठी तो कमी होत नाही. मुलाला सांगताना हे स्पष्ट शब्दांत सांगावे. बारा वर्षांच्या मुलाला थोर खेळाडू आणि वाईट वागणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल ऐकता येतात.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. प्रतिसाद ३ मधील मुद्दा मला नेमका सांगता येत नव्हता. शाळेबाबत मात्र माझा प्रश्न तसाच आहे. फिशर शाळा सोडून खेळला, हे तरी खरे ना?

प्रतिसाद ४

मी गेली अनेक वर्षे मुलांना बुद्धिबळ शिकवतो, त्यामुळे शाळेबाबत लिहितो. फिशरने शाळा सोडली त्यापेक्षा, सतराव्या वर्षाच्या आसपास आई घर सोडून गेल्यावर तो ब्रुकलिनच्या त्या घरात एकटाच राहिला, याची मला जास्त चिंता वाटते. लहानपणी त्याला कार्माइन निग्रो यांच्यासारखे शिक्षक आणि जॅक कॉलिन्स यांच्यासारखे मायेचे घर मिळाले होते. कॉलिन्स यांच्याकडे तो खेळायचा आणि जेवायचाही. पुढे मात्र सोव्हिएत खेळाडूंमागे प्रशिक्षक, सहायक आणि विश्लेषकांची फौज असताना तो जवळजवळ सगळे विश्लेषण एकट्याने करत असे. रेक्याविकला विल्यम लोम्बार्डी हे ग्रँडमास्टर त्याचे सहायक म्हणून गेले होते, पण त्यांचाही उपयोग त्याने फारच थोडा करून घेतला.

आज मुक्त विद्यालयातून शिकणारी आणि पूर्ण वेळ खेळणारी बरीच मुले माझ्याकडे येतात. त्यांतील जी आनंदात आहेत, त्यांचा दिवस पाहिला तर त्यात सरावाचे सोबती असतात, संध्याकाळी मैदानावरचा एखादा खेळ असतो आणि हरल्यावर घरी गुणांकनाचा विषय न काढणारे कोणीतरी असते. जी कोमेजतात, ती बहुधा बंद खोलीत संगणकासमोर आठ-आठ तास एकटी बसलेली असतात. म्हणून मुलाशी बोलताना शाळा हवी की नको या वादात न शिरता, शाळा सोडल्यावर त्याचा दिवस कोणाबरोबर जाणार, हे त्याच्याकडून तासागणिक लिहून घ्या. बारा वर्षांच्या मुलाला ते लिहिता आले नाही, तर निर्णय एक वर्ष पुढे ढकलायला हरकत नाही, त्याने त्याच्या खेळाचे काहीही नुकसान होणार नाही.

माहितीपट दाखवायचाच असेल, तर आधी त्याच्याकडून तिसरा आणि सहावा डाव पटावर मांडून घ्या. माहितीपटात डावांमधील सौंदर्याला फारसा वाव मिळालेला नाही आणि नुसता तो पाहिला, तर फिशर म्हणजे केवळ एक विक्षिप्त माणूस अशी मुलाची समजूत होईल. शेवटच्या भागात, विशेषतः २००१ नंतरचे प्रसंग येतील तेव्हा, आपण त्याच्या शेजारी बसलेल्या असाव्यात आणि त्याने काही विचारले, तर चित्र थांबवून तिथल्या तिथे उत्तर द्यावे.