मदत हवी आहे : 'ब्रिओ'ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, एक शब्द दोन दिवस डोक्यात घोळतोय. पियानोच्या नोटेशनवर सगळ्यात वर 'अलेग्रो कॉन ब्रिओ' असं लिहिलेलं होतं, बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या पहिल्या भागावरही हेच आहे, तो ट-ट-ट-टाsss वाला. अलेग्रो म्हणजे जलद, कॉन म्हणजे 'सह', इथपर्यंत कळलं, पण ब्रिओ?

शोधलं तर इटालियन शब्द निघाला, अर्थ जोम, चैतन्य, सळसळता उत्साह असा काहीतरी. इंग्रजीतही तसाच उचललाय, आणि फक्त संगीतापुरता नाही, कुणी झोकात भाषण केलं तरी 'विथ ब्रिओ' म्हणतात. मुळाशी केल्टिक भाषेतला ताकद या अर्थाचा शब्द आहे म्हणे, जुन्या आयरिशमधला 'ब्रीग' त्याचाच भाऊ. म्हणजे आधी नुसती ताकद होती, नंतर तिच्यात नखरा आला, हे मला फार आवडलं!

आता अडचण अशी की एक कोश म्हणतो इटालियनमध्ये तो स्पॅनिश 'ब्रीओ'वरून आला, दुसरा म्हणतो जुन्या प्रोव्हांसालमधल्या (दक्षिण फ्रान्सची जुनी भाषा) 'ब्रिऊ'वरून. नक्की कुठलं धरायचं? रोमान्स भाषा (लॅटिनमधून निघालेल्या, इटालियन-स्पॅनिशसारख्या) शिकलेलं कुणी आहे का इथे?

आणि मराठीत काय लिहू? जोश म्हटलं की घोषणा आठवतात, उत्साह फारच गुळगुळीत, तडफ जवळचा वाटतो पण त्यात खेळकरपणा नाही. 'ठसक्यात' कसं वाटतं? की ब्रिओ तसाच ठेवू?