मदत हवी आहे: हंटर्स हिलच्या इतिहासाविषयी

नमस्कार. सिडनीतील मराठी ज्येष्ठांसाठी हंटर्स हिल येथे इतिहास-फेरी काढण्याचा विचार आहे. लेन कोव्ह आणि पॅरामाटा या नद्यांमधील चिंचोळ्या भूशिरावरील या छोट्या नगरपालिकेची स्थापना १८६१ मध्ये झाली. झुबेर या फ्रेंच बंधूंनी बांधवून घेतलेली वालुकाश्माची घरे, दगडांवरील छिन्नीच्या खुणांसह, आजही उभी आहेत. मला त्याहून मोलाचे वाटते ते केलीज बुश, कारण १९७१ मध्ये १३ स्त्रियांनी बांधकाम कामगार संघटनेला साद घातली आणि कामगारांनी तेथे काम करण्यास नकार दिल्यामुळे हे किनाऱ्यालगतचे रान वाचले. त्या लढ्याच्या काळातील नगरपालिकेची इतिवृत्ते किंवा सहभागी स्त्रियांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती कोठे मिळतील आणि पायऱ्या टाळून जाणारी वाट कोणती, हे कृपया जाणकारांनी सांगावे.