पावसाळ्यात घरात कपडे वाळत घालण्यासाठी छताचा स्टँड घ्यावा की जमिनीवरचा? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही रत्नागिरीत, समुद्रापासून जेमतेम 1 किलोमीटरवर, चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघे, 74 वर्षांच्या सासूबाई आणि 9 महिन्यांची मुलगी आहे. मृग लागायला तीनच आठवडे उरले आहेत आणि त्याआधी घरात कपडे वाळत घालण्याची कायमची सोय करायची आहे. गेल्या वर्षी घाईत केलेली खरेदी फसली, म्हणून या वेळी अनुभवी मंडळींना विचारूनच पैसे घालायचे ठरवले आहे.

मुलगी श्रावणात झाली. दुपटी, लंगोट, टोपडी असा रोजचा ढीग आणि बाहेर संततधार, त्यामुळे गॅलरीतल्या दोऱ्यांचा काही उपयोग नव्हता. झोडीने पाऊस थेट आत येत असे. तेव्हा जवळच्या दुकानातून पांढऱ्या रंगाचा, चाके असलेला, घडी होणारा लोखंडी स्टँड आणला. दीड महिन्यातच त्याच्या बिजागऱ्यांपाशी रंगाचे पोपडे निघाले आणि एका सकाळी पांढऱ्या दुपट्यावर दांडीच्या जागी केसाएवढी बारीक तांबडी रेघ उमटलेली दिसली. ती आजतागायत गेलेली नाही. लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवावे हे ठाऊक होते, पण तीन आठवडे ऊनच पडले नाही. शिवाय एका बाजूला चादर आणि दुसऱ्या बाजूला नुसती टोपडी अशी मांडणी झाली की स्टँड कलंडायचा. आता मुलगी रांगते आणि हाताला लागेल ते धरून उभी राहते, त्यामुळे तशी वस्तू जमिनीवर ठेवायची मला भीतीच वाटते.

दुसरी आणि माझ्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची गोष्ट सासूबाईंच्या लुगड्याची आहे. त्या नऊवारी नेसतात आणि स्वतःचे लुगडे आजही स्वतःच धुतात. गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा आखडला आणि हात कानाच्या वर जाईना, तेव्हापासून वाळत घालण्याचे काम माझ्याकडे आले. त्या बोलून दाखवत नाहीत, पण ओले लुगडे बादलीत ठेवून माझी वाट पाहत बसणे त्यांना आवडत नाही, हे मला दिसते. त्यामुळे जी सोय करू ती त्यांना छातीच्या उंचीवर, कोणाच्या मदतीशिवाय वापरता आली पाहिजे.

जमिनीवरच्या स्टँडच्या दांड्या आखूड असतात, त्यामुळे नऊवारीच्या चार-चार घड्या कराव्या लागतात. वरची घडी वाळते, आतल्या ओल्या राहतात आणि दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. म्हणून छताला बसवायचा, दोरी आणि कप्पीवर खाली-वर होणारा सहा दांड्यांचा स्टँड पाहून आले. दांडी 6 फुटांची आहे. लुगड्याचा पन्हा 45 इंच, म्हणजे पावणेचार फूट, म्हणून तो दांडीवर अखंड मावतो आणि शेजारी दोन फूट जागा बाळाच्या कपड्यांना उरते. लांबी सव्वाआठ मीटर. ती सहाही दांड्यांवरून लाटांसारखी सोडली तर मधला प्रत्येक झोळ सुमारे दोन फूट खाली येतो आणि कापड कुठेही दुहेरी पडत नाही. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच गावच्या घरातली माजघराच्या तुळयांना टांगलेली दांडी आठवली, जिच्यावर सोवळे काठीने सरकवून वाळत घालत असत.

अडचण अशी की या स्टँडचे दोन प्रकार दिसले. एकात प्रत्येक दांडी स्वतंत्र दोरीने खाली येते. सुट्या कपड्यांना ते उत्तम आहे, पण लुगडे सहा दांड्यांवर घालायचे तर सहा दोऱ्या सोडाव्या आणि पुन्हा ओढाव्या लागतील. दुसऱ्यात सगळ्या दांड्यांची एकच चौकट एका दोरीवर खाली येते, मात्र सगळे वजन एकदम ओढावे लागते. घरच्या ताणकाट्यावर पाहिले तर कोरडे सुती लुगडे 750 ग्रॅम भरले, हाताने पिळल्यावर दीड किलो आणि मशीनमध्ये पिळल्यावर 1100 ग्रॅम. रोजचे सगळे कपडे धरले तर ओले वजन 8 ते 9 किलोपर्यंत जाते, चादरी असल्या तर 12 किलो. आखडलेल्या खांद्याने एवढे ओढणे शक्य नाही, हे मला कळते. जादा कप्प्या लावून ओढ निम्मी करता येते असे मिस्त्री म्हणतो, पण तशी चौकट प्रत्यक्ष वापरणारे कोणी मला भेटलेले नाही.

छताचीही काळजी आहे. इमारत 30 वर्षांची आहे आणि खाऱ्या हवेने मागच्या खोलीच्या स्लॅबचा गिलावा दोन ठिकाणी फुगला आहे. तिथे ठोकून पाहिले की पोकळ आवाज येतो. बाकी भाग टणक वाटतो. अशा स्लॅबला भोके पाडून फासनर लावावेत की दोन भिंतींना लोखंडी कोन ठोकून त्यावर भार द्यावा? दोरी गुंडाळायचा हूक मुलीच्या हाती लागू नये म्हणून उंच लावायचा आहे, कारण लोंबती दोरी लहान मुलांच्या गळ्याला धोक्याची असते. पण तोच हूक सासूबाईंच्या आवाक्यातही राहायला हवा.

धातूबद्दल दुकानदार प्रत्येक नळीला ‘स्टेनलेस’ म्हणतो आणि चुंबक लावून दाखवतो. मात्र 202 आणि 304 या दोन्ही प्रतींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेने यातली कोणती प्रत आहे हे कळत नाही. 202 मध्ये निकेल कमी असते आणि खाऱ्या हवेत ती लवकर डागाळते. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी कोणती प्रत घेतली आणि ती किती पावसाळे टिकली, हे कृपया सांगावे. अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या वापरणाऱ्यांचा अनुभवही हवा आहे.

जागा मागच्या खोलीतच आहे, खिडकी आणि पंख्याच्या मध्ये. पंख्याच्या पात्यांपासून कपड्यांचे टोक निदान दोन फूट दूर राहील असे मोजले आहे. बाहेरची हवाच दमट असते तेव्हा खिडकी उघडी ठेवून पंखा लावावा की खिडकी मिटून, याबद्दल घरात दोन मते आहेत. गेल्या वर्षी मिटलेल्या खोलीत कपाटामागच्या भिंतीवर बुरशी धरली होती, म्हणून माझा कल उघडी ठेवण्याकडे आहे.

मिस्त्री येत्या रविवारी माप घ्यायला येणार आहे. एकच चौकट घ्यावी, सुट्या दांड्या घ्याव्यात, की सासूबाईंच्या लुगड्यापुरती भिंतीला छातीच्या उंचीवर वेगळी दांडी बसवून छताचा स्टँड फक्त मी वापरावा, हे त्याआधी ठरवायचे आहे. ज्यांच्या घरी वयस्कर माणूस हा स्टँड स्वतः वापरतो त्यांनी आवर्जून लिहावे.