टीसीसाठी नो ड्यूजच्या सहा सह्या: ऑनलाइन कराव्यात की काढूनच टाकाव्यात?

प्रश्न (महाविद्यालयीन कार्यालय, सोलापूर)
आमच्याकडे टीसी (महाविद्यालय सोडल्याचा दाखला) देण्याआधी ‘बाकी नाही’ अशा नो ड्यूज फॉर्मवर ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, वसतिगृह, लेखा विभाग आणि विभागप्रमुख अशा सहा सह्या लागतात. करमाळा-सांगोल्याहून एसटीने आलेल्या मुलाला एका सहीसाठी पुन्हा यावं लागतं. फॉर्म ऑनलाइन करायचा विचार आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १
फॉर्म आहे तसा ऑनलाइन नेलात तर सहा टेबलांऐवजी सहा लॉगिनवर अडकेल. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० सालीच बजावलं होतं की जुनी पद्धत संगणकावर चढवू नका, मोडा.

आधी २० फॉर्मवर प्रत्येक टेबलाची आवक-जावक वेळ पेन्सिलीने टिपा. सहीला लागलेली मिनिटं आणि फॉर्म पडून राहिलेले तास वेगळे काढा, म्हणजे दुखणं कळेल. मग दिशा उलटी करा. मुलाने ‘बाकी नाही’ सिद्ध करत फिरायचं नाही. ज्याची बाकी आहे त्या विभागाने ती सामाईक यादीत चढवायची. नाव नसेल तर थेट टीसी.

यादी पीआरएनवरच (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) बांधा. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो. प्रयोगशाळेची फुटतूट हजेरी क्रमांकावर आणि पुस्तकं बीटी कार्डावर (ग्रंथालयाचं पुस्तक-देवघेव कार्ड) असतील तर एकाची बाकी दुसऱ्यावर चढते.

उत्तर २ (ग्रंथालय)
सर, यादीत नाव नाही म्हणजे बाकी नाही, किंवा नोंदच झालेली नाही! परीक्षेच्या काळात परत आलेली पुस्तकं काउंटरवर साचतात, जमा नोंद मागे पडते. म्हणून शेवटच्या पेपरनंतर १५ दिवसांत प्रत्येक विभागाने यादी सही करून बंद करावी; बाकी नसेल तर ‘निरंक’ लिहावं. नंतर सापडलेल्या बाकीसाठी टीसी अडवायची नाही. प्राचार्यांचं लेखी परिपत्रक नसेल तर हा नियम पहिल्याच गर्दीत मोडतो.

उत्तर ३ (लेखा)
किरकोळ बाकी अनामत रकमेतून वळती करा. त्याची लेखी संमती प्रवेशाच्या वेळीच घ्या. महाडीबीटीकडून (राज्य सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल) यायची रक्कम आणि मुलाने भरायची रक्कम मात्र दोन वेगळ्या रकान्यांत हवी. एकत्र केली की शिष्यवृत्तीचा विद्यार्थी थकबाकीदार दिसतो, आणि हा त्याच्यावर सरळ अन्याय आहे.

टीसीवर प्राचार्यांची सही राहणारच. तिच्या १२ आणि ४ अशा दोन वेळा ठरवून दारावर लावा. जनरल रजिस्टरमधलं (विद्यार्थ्यांची मूळ नोंदवही) नाव आणि जन्मतारीख यादी बंद करतानाच तपासा. आणि जुने छापील फॉर्म कपाटात ठेवू नका; असले की कुणीतरी मागतोच.