मैत्रीचं जाळं सूत्रात बसतं का?

खडूफळा: मत मांडतो, मग झोडा. माणसांची जाळी कशी विणली जातात हे आकारिक तर्कशास्त्राने, म्हणजे निव्वळ नियमांवरून निष्कर्ष काढत, नेमकं सांगता येतं. मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर यांनी १९४६ मध्ये तिघांच्या नात्यातला समतोल मांडला: मित्राचा मित्र तो मित्र, शत्रूचा शत्रूही मित्र. कार्टराइट आणि हरारी यांनी १९५६ मध्ये त्याचं प्रमेय केलं. गावातला कुणीही एक घ्या. त्याचे मित्र एका ओट्यावर, शत्रू समोरच्या. नियम लावत गेलात की एका ओट्यावरचे सगळे आपसात मित्र आणि दोन ओट्यांत वैर. म्हणजे प्रत्येकाचं प्रत्येकाशी बरंवाईट काही असेल, तर फार तर दोन गट. चार ओळींत सिद्ध! मुलाखती नकोत, सर्वेक्षण नको.

बारा_भानगडी: आमच्या गावात या. बांधावरून तीन भावक्यांचं एकमेकींशी वाकडं आहे. पंधरा वर्षं झाली, कुणी कुणाचा मित्र झाला नाही. शत्रूचा शत्रू मित्र होतो तो सोसायटीच्या निवडणुकीपुरता. गुलाल धुतला की संपलं.

खडूफळा: त्याचीही सोय आहे. जेम्स डेव्हिस यांनी १९६७ मध्ये तिघंही एकमेकांचे शत्रू असलेला त्रिकोण चालवून घेतला. मग कितीही गट पडू शकतात. बसलं तुमचं गाव.

बारा_भानगडी: बसलं नाही, बसवलंत. गाव मावेना म्हणून नियम उसवला.

चहाबाज: मध्येच तोंड घालते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातला कराटे क्लब, ३४ सभासद. फीवरून प्रशिक्षक आणि अध्यक्षांचं वाजलं, क्लब फुटला. वेन झॅकरी यांनी १९७७ च्या शोधनिबंधात आधीच्या मैत्रीवरून कोण कुठे जाईल ते काढून दाखवलं. एक सोडून सगळे बरोबर. तो एक म्हणजे नववा सभासद. ओढा अध्यक्षांकडे, गेला मात्र प्रशिक्षकाकडे, कारण ब्लॅक बेल्टची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. अध्यक्षांकडे गेला असता तर पहिल्यापासून सुरुवात. मला तर बाकीच्या ३३ जणांपेक्षा हाच जवळचा वाटतो.

खडूफळा: मग "परीक्षा तोंडावर असेल तर गुरू सोडत नाहीत" हे एक विधान वाढवा की.

चहाबाज: वाढवते. पण ते सूत्रातून कळलं का? झॅकरी १९७० ते १९७२ तो क्लब जवळून बघत होते, म्हणून कळलं.

खडूफळा: बरं, "मुलाखती नकोत" मागे घेतो. बाकीचं नाही. सूत्र नसतं तर नववा वेगळा वागला हे तरी कुणाच्या लक्षात आलं असतं?

तिरकस_कंस: झॅकरी यांचं तंत्र तर्कशास्त्राचं नव्हेच, जाळ्यातून माहिती किती वाहू शकते याचं गणित आहे ते. शिवाय त्यांनी जाळं तुटताना पाहिलं. इथे विषय जुळण्याचा आहे ना?

बारा_भानगडी: जुळण्याचं मी सांगतो. यंदा त्या तिघांपैकी दोघं बोलायला लागले. सामाईक विहिरीची मोटार जळली, दुरुस्ती निम्मी-निम्मी केली. तिसऱ्याने दमडी दिली नाही, आता त्याला पाणी द्यायचं नाही म्हणतात.

खडूफळा: म्हणजे दोघं एक, तिसरा बाहेर. हायडरचाच त्रिकोण झाला की हो!

बारा_भानगडी: झाला. पण मोटार जळली म्हणून.