बाबांचा हात की बाबांचा दिवस? झटक्यानंतर व्यायाम कधी आवरायचा

ओसरी:
बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन चौदा महिने झाले. काठी घेऊन चालतात. उजवा हात मात्र लाकूड. समोरच्याचं बरंचसं कळतं, पण ऐन वेळी शब्द सापडत नाही. सकाळी दीड तास फिजिओ, दुपारी चेंडू दाबणं, संध्याकाळी पुन्हा तेच. घरी येणाऱ्याचा पहिला प्रश्न, "हात हलला का?" बुद्धिबळाचा पट कपाटात पडलाय, कारण "आधी बरे व्हा, मग खेळा".

मोठी सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, पुढे वेग मंदावतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तरी आम्ही हाताच्या मागे. आणि मोजमाप कसलं, तर बार्थेल इंडेक्स, १९६५ चा. जेवण, आंघोळ, जिना, शौच असे दहा मुद्दे, १०० पैकी गुण. बाबांना ९०! त्यात बोलण्याचा मुद्दा नाही, मनाचा नाही, थकव्याचा नाही. माझं मत स्पष्ट आहे: वर्षानंतर व्यायाम निम्म्यावर आणावा आणि माणसाला जगू द्यावं.

डावखुरा_आता:
मला झटका येऊन पाच वर्षं झाली. "आहे ते स्वीकारा" हे धडधाकट माणसाच्या तोंडून ऐकलं की डोकं फिरतं. दहाव्या महिन्यात मलाही सांगितलं होतं की आता यापुढे काही नाही. शर्टाचं बटण मी तिसऱ्या वर्षी लावलं. एकच, वरून दुसरं. बायकोच्या लक्षातही आलं नाही. व्यायाम निम्म्यावर आणला असता तर ते बटण गेलं असतं.

फिजिओवाली:
सहा महिन्यांनी दार बंद होत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ४०८ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. एका गटाला ट्रेडमिलवर चालण्याचा सराव दोन महिन्यांनी दिला, दुसऱ्याला सहा महिन्यांनी. तिसऱ्याला घरच्या घरी ताकदीचे आणि तोल सावरण्याचे व्यायाम. वर्षाअखेरीस तिन्ही गट सारखेच सुधारलेले. उशिरा सुरू करणारे मागे राहिले नाहीत आणि महागड्या यंत्रानेही काही जास्त दिलं नाही.

हाताचं वेगळं. चांगल्या हाताला जाड मोजा घालून दोन आठवडे दुबळ्या हाताकडूनच कामं करून घेण्याची पद्धत आहे, २००६ च्या चाचणीत तिचा फायदा दिसला. पण मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता यायला हवीत, ही तिची अट. बाबांची बोटं मुळीच उघडत नसतील तर चेंडू दाबण्यात मला अर्थ दिसत नाही. मूठ आवळण्याचा जोर तिथे आधीच जास्त असतो. हात ताणून मोकळा करणं मात्र सोडू नका. सांधे आखडले की सदरा घालतानाही कळ येते.

ओसरी:
म्हणजे हाताबाबत तुम्ही माझ्याच बाजूच्या! आणि जास्त व्यायाम म्हणजे जास्त फायदा, हेही खरं नाही. २०१५ च्या अॅव्हर्ट चाचणीत झटक्यानंतर लवकर आणि जास्त वेळा अंथरुणातून उठवलेल्यांचे परिणाम उलट कमी चांगले निघाले.

फिजिओवाली:
ते झटक्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत उठवण्याबद्दल होतं हो. चौदाव्या महिन्याला ते लावू नका. आणि मी चेंडूच्या विरुद्ध बोलले, हाताच्या नाही.

निशिगंध:
तुम्ही दोघं हातात अडकलात. माझ्या नवऱ्याचे हातपाय बरेचसे सुधारले, पण तो दिवसभर भिंतीकडे बघायचा. आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. (हे लिहितानाही लाज वाटते.) झटक्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं, हे आम्हाला वर्षभर कुणी सांगितलं नाही. औषध आणि समुपदेशन सुरू झाल्यावर तो व्यायामाला आपणहून उठायला लागला.

आणि ओसरी, राग मानू नका. रुग्णाला स्वतःचं आयुष्य जितकं वाईट वाटतं, त्याहून ते जवळच्यांना वाईट वाटतं, असं अभ्यासांत वारंवार दिसलंय. कंटाळा बाबांना आलाय की तुम्हाला? मला आला होता.

डावखुरा_आता:
निशिगंधताई, बरोबर बोललात. बाबांना विचारलं का कुणी?

ओसरी: (दोन दिवसांनी)
नव्हतं विचारलं. काल बसलो. एका वेळी एकच प्रश्न, उत्तर हो किंवा नाही, सोबत चित्रं. हात? मान हलवली, नाही. बुद्धिबळ? नाही! (मला वाईट वाटलं, पट मीच बाहेर काढून ठेवला होता.) चालणं? नाही. मग डाव्या हाताने माझ्या खिशाकडे बोट केलं. फोन वाजला की आम्ही तो त्यांच्या हातून काढून घेतो, समोरच्याला ताटकळायला नको म्हणून. त्यांना स्वतः बोलायचंय. आज आत्याचा फोन आला. "हॅलो" म्हणायला बराच वेळ लागला. आत्या थांबली.

स्पीच थेरपी आम्ही सातव्या महिन्यात बंद केली होती. उद्या चौकशी करतोय.

डावखुरा_आता:
म्हणजे सराव वाढणार तर! निम्म्यावर आणणार होतात ना?

ओसरी:
चेंडू बंद केलाय. तेवढं माझं राहू द्या.